मधलं फूल कोणाचं

बॅडमिंटन जोडीनं खेळताना खरा प्रश्न एकच असतो: दोघांच्या बरोबर मध्ये आलेलं फूल कोणी घ्यायचं? शटलकॉकला आमच्याकडे सगळे फूलच म्हणायचे. मनगट कसं फिरवायचं, पाय कसा टाकायचा, हे सगळं शिकता येतं. मधल्या फुलाचं मात्र दोघांनी आधी ठरवावं लागतं आणि ऐन वेळी तोंडानं ओरडून सांगावं लागतं. पुढे मी शाळेत पोरींना हे घसा बसेपर्यंत शिकवलं. पण मी स्वतः ज्या दिवशी तशी ओरडले, तो दिवस आठवला की अजून कानशिलं तापतात.

माझं माहेर नगर शहरातलं. कॉलेजात असताना मी बॅडमिंटन खेळायची आणि चांगली खेळायची. उगाच खोटा विनय कशाला? लग्न झालं ते पाथर्डीकडच्या शेतकरी घरात. आमचे हे कोल्हारच्या पुढे एका साखर कारखान्यात केमिस्ट होते, म्हणून आम्ही दोघंच कारखान्याच्या कॉलनीत राहायचो. सासरे गावाकडे शेती बघायचे. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. त्यामुळे घरात सासूचा जाच नव्हता, आणि लोकांना वाटायचं की ही पोर नशीब काढून आलीय.

नशीब कसलं? दोन खोल्यांचा क्वार्टर, सकाळी अकरालाच संपणारा स्वयंपाक, आणि मग शेजारणीच्या अंगणात बसून कुणाची सून कशी हा विषय. मी वेडी व्हायची पाळी आली होती. त्यात ते दुष्काळाचं साल. ऊस नाही म्हणून कारखाना लवकर बंद पडला आणि साहेब लोक रिकामे झाले. दोन साखर गोदामांच्या मधल्या बोळात वारा लागत नाही हे कुणाच्या तरी लक्षात आलं. तिथे जमीन चोपून फक्कीच्या रेघा मारल्या, जाळी बांधली, उघड्या बाजूला बारदानाचा पडदा लावला. मळीचा आंबूस वास सोडला तर खेळायला झकास जागा झाली. मग कारखान्याच्या क्लबानं नवरा-बायकोंच्या जोड्यांचे सामने ठेवले.

याच सुमारास कॉलनीतल्या मुलींच्या शाळेच्या मोठ्या बाईंनी मला गाठलं. त्यांना मुलींना खेळ शिकवायला कुणीतरी बाई हवी होती. मी कॉलेजात खेळायची हे त्यांना कुठून कळलं देव जाणे. त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. रविवारच्या सामन्याला शाळेच्या कमिटीची माणसं येणार आहेत, त्यांच्यासमोर खेळून दाखव. आणि घरच्यांची परवानगी आण, नाहीतर मागून कटकट नको. ती नोकरी मला इतकी हवी होती की त्या आठवड्यात माझ्या घशाखाली घास उतरत नव्हता. सकाळी कुठेतरी जायचं, अंगात घाम येईपर्यंत काहीतरी करायचं, आणि कुणीतरी आपल्याला बाई म्हणायचं, एवढंच मला पाहिजे होतं.

घरचे म्हणजे सासरे. ह्यांनी त्यांना निरोप धाडला, आणि ते शनिवारच्या एस.टी.नं आलेच. आता माझी गंमत बघा. नोकरी मिळवायची तर कमिटीपुढे धावून, उड्या मारून खेळायला हवं. आणि परवानगी मिळवायची तर सासऱ्यांच्या नजरेला ते पडता कामा नये. ह्यांनी तोडगा काढला. रविवारी दुपारी सासऱ्यांना कोल्हारच्या देवीला पाठवायचं, ते संध्याकाळी येतील तोवर सामना आटोपलेला असेल. मी हो म्हटलं. दुसरं करणार काय?

खरं तर आमची जोडी मुळातच बिघडलेली होती. दोघांत बाईनं जाळीजवळ पुढे उभं राहायचं आणि पुरुषानं मागे राहून लांबची फुलं घ्यायची, ही साधी रीत. कारण मागच्याला सगळं मैदान धावावं लागतं. ह्यांना ते माहीत होतं, मला तर ह्यांच्याहून जास्त माहीत होतं. पण मी पुढे उभीच राहू शकत नव्हते. बाजारात, देवळात, एस.टी. स्टँडवर, सगळीकडे मी ह्यांच्या मागे चालणारी. चारचौघांत नवऱ्याकडे पाठ करून त्यांच्यापुढे उभं राहायचं म्हणजे अंगावर काटा यायचा. कॉलेजात पुढे राहायला काही वाटत नव्हतं, तिथे जोडीदार मैत्रीण असायची. इथे पाय आपोआप मागे यायचे. मग उंचेपुरे हे जाळीला नाक लावून उभे आणि मी मागे साडी सावरत इकडून तिकडे.

त्याहून वाईट ते ओरडण्याचं. मधलं फूल आलं की मी काय ओरडू? नवऱ्याचं नाव आमच्यात बायका घेत नाहीत. लग्नात घास भरवताना उखाण्यात घेतलं तेवढंच, तेही नणंदांनी चिमटे काढल्यावर. मग उरलं अहो. एकदा सरावात मी अहो म्हणून ओरडले तर हे वळले, समोरचे इंजिनियर साहेब वळले आणि खुर्चीवर बसलेले पंचही वळले. सगळेच कुणाचे ना कुणाचे अहो. फूल मात्र खाली पडलं. इंजिनियर साहेबांच्या बाई पुण्याच्या; त्या चक्क इंग्रजीत 'युअर्स' आणि 'माइन' म्हणायच्या. मला ते जमेना. माइन म्हणून ओरडायचं म्हणजे नवऱ्याच्या तोंडावर मी-मी करायचं, असं मला वाटायचं. शेवटी आमचं ठरलं की मी घेणार असेन तर रॅकेट जमिनीवर आपटायची. म्हणजे फूल मारायची रॅकेट आधी जमिनीवर आपटायची आणि मग उचलून मारायची. अशी आमची अक्कल.

रविवारी सामना सुरू होऊन थोडाच वेळ झाला असेल. मी सर्व्हिस घ्यायला वाकले आणि समोर बघते तर सासरे. कोल्हारला जाणारी गाडी आलीच नाही म्हणून ते परत फिरले होते. क्लबाच्या लोकांनी पाहुणे म्हणून त्यांना पहिल्या रांगेत, शाळेच्या मोठ्या बाईंच्या शेजारच्या खुर्चीवर बसवलं होतं. पांढरं धोतर, फेटा, दोन्ही हात काठीवर. हात आपोआप डोक्याकडे गेला, पदर डोक्यावर घेतला, आणि तो घसरू नये म्हणून त्याचं टोक दातांत धरलं. आता करा खेळ! एक हात रॅकेटला, तोंड पदराला. समोर पुण्याच्या बाई पंजाबी ड्रेसमध्ये मोकळ्या हसत होत्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पहिला गेम आम्ही हरलो, आणि कसा हरलो! एकामागून एक फूल आमच्या दोघांच्या मध्ये पडायचं. हे माझ्याकडे बघायचे, मी खाली बघायची. मागून कारखान्याचे लोक फिदीफिदी हसत होते. मोठ्या बाई हसत नव्हत्या, तेच जास्त लागत होतं. त्या कमिटीतल्या एका गृहस्थांशी काहीतरी हळू बोलल्या आणि त्यांनी मान हलवली. मला वाटलं, गेली आपली नोकरी.

बाजू बदलताना हे पाणी प्यायला थांबले आणि म्हणाले की आता तू पुढे जा, मागचं मी बघतो. मी पदर दातांतून काढून पुटपुटले की मामंजी समोर बसलेत, त्यांच्यादेखत तुमच्या पुढे कशी उभी राहू? ह्यांनी माझ्याकडे बघितलं. एरवी हा माणूस कधी आवाज चढवायचा नाही, तेव्हाही चढवला नाही.

"मागे राहून तर नोकरी जाणारच आहे," ते म्हणाले. "पुढे जाऊन गेली तर निदान खेळून गेली म्हणू."

मला रागच आला. ह्यांचा, सासऱ्यांचा, त्या एस.टी.चा, स्वतःचा. मी पदर डोक्यावरून काढला, कमरेला घट्ट खोचला आणि जाळीजवळ जाऊन उभी राहिले. पाठीमागे हे आहेत आणि आपली पाठ त्यांच्याकडे आहे, हे पहिली काही फुलं होईपर्यंत मानेला जाणवत होतं. मग विसरले. मनगट जुनं होतं, त्याला सगळं आठवलं. जाळीला घासून फूल पलीकडे टपकन टाकायचं, समोरचा पुढे धावला की त्याच्या खांद्यावरून ढकलायचं. मागे हे धावत होते, लांबची फुलं परत आणत होते, आणि पहिल्यांदाच आम्ही एकमेकांच्या पायांत येत नव्हतो. लोकांचं हसणं थांबलं. मी त्या वेळात खरोखर सुखी होते, हे लिहायला पाहिजे, कारण पुढचं सगळं लाजेचंच आहे.

दुसरा गेम संपायला आला होता. इंजिनियर साहेबांनी एक फूल खूप उंच उडवलं. ते आमच्या बरोबर मध्ये उतरायला लागलं. मी त्याच्यावर डोळा ठेवून दोन पावलं मागे आले, आणि त्याच वेळी मागून ह्यांच्या पावलांचा आवाज आला. हे वर बघत, रॅकेट उगारून, थेट माझ्या अंगावर धावत येत होते. रॅकेट आपटायला वेळ नव्हता. अहो म्हणायलाही वेळ नव्हता. माझ्या तोंडून ह्यांचं नाव गेलं. नुसतं नाव, मागे राव नाही, पंत नाही. खड्या आवाजात, दोन्ही गोदामांच्या भिंतींवर आपटून परत येईल असं. आणि पाठोपाठ मीच म्हणाले, "सोड."

हे जागच्या जागी थांबले. मी फूल मारलं. ते पुण्याच्या बाईंच्या पायाशी पडलं, आणि गेम आमचा झाला.

टाळी वाजली नाही. पंचाच्या तोंडून आकडाही निघेना. बारदानाच्या पडद्यामागून एक पोरगं फसकन हसलं, मग दुसरं हसलं. पुण्याच्या बाईंनी तोंडावर हात ठेवला, त्या, ज्या स्वतः दिवसभर इंग्रजीत ओरडत होत्या! माझ्या कानांत एकच आवाज घुमत होता, माझाच. मी पदर शोधायला कमरेला हात घातला तर हाताला पदर सापडेना. अंगावर काहीच नाही असं वाटलं. सासऱ्यांकडे बघायची हिंमत नव्हती, तरी नजर गेली. ते जमिनीकडे बघत होते. काठीच्या टोकानं फक्कीची रेघ हळूहळू पुसत होते.

तिसरा गेम आम्ही हरलो. मी हरवला म्हणा. हातातून रॅकेट सुटायची, सर्व्हिस जाळीत जायची. संपल्यावर मोठ्या बाई माझ्याजवळ आल्या. म्हणाल्या की शेवटी काय केलंस ते सोड, दुसऱ्या गेममध्ये खेळलीस तसं पोरींना शिकव, आणि असंच नाव घेऊन ओरडायलाही शिकव. घरून हो आलं की कळव. एरवी मी आनंदानं नाचले असते. तेव्हा वाटलं, बाई, जरा हळू बोला, मामंजी ऐकतायत.

घरी येताना सासरे पुढे, हे त्यांच्या मागे, आणि मी इतकी मागे की रस्त्यावरच्या माणसाला आम्ही एका घरचे वाटलो नसतो. स्वयंपाकघरात शिरले ती बाहेर आलेच नाही. पिठलं, भाकरी, ठेचा केला. ताटं वाढून दाराआड उभी राहिले. बापलेक जेवत होते. सासरे माझ्याशी थेट कधीच बोलत नसत. जे सांगायचं ते मुलाला सांगायचे, मला ऐकू जाईल अशा बेतानं. मी वाट बघत होते की आता नावाचं काढतील. मनात माफीची वाक्यं जुळवत होते. भाकरी अर्धी झाल्यावर ते बोलले.

"नावाचं जाऊ दे. गडबडीत गेलं तोंडातून. मला येवढंच सांग, तू बायकूच्या म्हागं का हुबा हुतास?"

मी चाट पडले. दुपारपासून मी ज्या शरमेनं मरत होते ती त्यांच्या गावीही नव्हती. त्यांना लाज वाटली होती आपल्या मुलाची. चारचौघांत, साहेब लोकांसमोर, त्यांचा पोरगा बायकोला पुढे करून मागे उभा होता.

ह्यांनी समजावायचा प्रयत्न केला, अगदी मनापासून केला. ताटातली ठेच्याची वाटी पुढे ठेवली, ही म्हणजे ती. पाण्याचा तांब्या मागे ठेवला, हा मी. भाकरीच्या तुकड्यांनी रेघा आखल्या. म्हणाले की पुढच्याला हात चालवावा लागतो, मागच्याला पाय. मागचं काम जास्त कष्टाचं, राखणीचं आहे, कमीपणाचं नाही. वाटी आणि तांब्या शेजारी-शेजारी ठेवून दाखवले, मग मधला तुकडा कुणाचा ते कळत नाही. मग तांब्या पुढे आणि वाटी मागे ठेवली आणि म्हणाले की पहिल्या गेमला असे उभे होतो, म्हणून हरलो. सासऱ्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं. माणूस बुद्धीनं कमी नव्हता, त्यांना खेळ कळला हे मला दारामागून दिसत होतं.

"मंग हरायचं," ते म्हणाले.

ह्यांनी तांब्या जागेवर ठेवला. मग सासरे पुन्हा सावकाश बोलायला लागले. म्हणाले की शाळेचं वाईट नाही, पोरींना शिकवणं पुण्याचंच काम, तिथं सगळ्या बायाच असणार. सूनबाई शिकलेली आहे, घरात बसून करील काय? पण आज बघितलं तसं पुन्हा बघायचं नाही. मग मुलाकडे वळून त्यांनी नेमकं विचारलं.

"शिकवायला त्या रेघंच्या आत जावं लागतंय, का भायेर हुबं ऱ्हाऊन बी जमतंय?"

ह्यांनी माझ्या दिशेनं बघितलं. मी दाराआडून मान जोरात हलवली. हो म्हणा, हो म्हणा.

"बाहेरून जमतं," हे म्हणाले.

"मंग जाऊ दे तिला. पर रेघंच्या आत पाय न्हाई."

ह्यांच्यावर ठपका ठेवायला मला आवडलं असतं. पण मान मी हलवली होती. आणि मला दुःख झालं नव्हतं, हेच तर सांगायचंय. मला आनंद झाला होता, अगदी धो धो आनंद. एवढ्या तमाशावर एवढंच निभावलं, किती मोठ्या मनाचा माणूस, असं वाटलं. मी डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत ओढून बाहेर आले आणि सासऱ्यांच्या पाया पडले. सकाळी त्यांच्या शिदोरीला गुळाच्या दशम्या करून दिल्या. एस.टी. हलली तशी माझ्या डोळ्यांत पाणी आलं. काय म्हणावं त्या पोरीला! आज आठवलं की त्या नावापेक्षा त्या पाया पडण्याची जास्त लाज वाटते.

शाळेत मी निवृत्त होईपर्यंत शिकवलं. शिट्टी गळ्यात आणि पाय फक्कीच्या रेघेच्या बाहेर. मी शब्द पाळला. सासरे गेल्यावरही पाळला, कारण तोवर तो माझाच झाला होता. फटका दाखवायचा असला की मी बाहेरच हवेत रॅकेट फिरवायची आणि पोरी आत तसं करायच्या. पुढे कोण, मागे कोण, मधलं फूल कोणाचं, सगळं मी काठीनं मातीत काढून दाखवायची. अगं-तुगं चालणार नाही, नाव घ्या, मोठ्यानं घ्या, म्हणून मी त्यांच्यावर खेकसायची. पोरी नावं घेऊन ओरडायच्या आणि जिंकायच्या.

पण पोरी आंधळ्या नसतात. बाई कधीच आत का येत नाहीत, असं एकीनं एकदा विचारलं. मी म्हटलं, गुडघा दुखतो. तोंडाला आलं ते बोलून गेले. मग वर्षानुवर्षं तेच सांगत राहिले. आत यायची पाळी आली की जरा लंगडायचीसुद्धा.

कोल्हारची एक मुलगी होती, जाळीजवळ फार छान खेळायची. तिनं एक दिवस सकाळी माझ्या हातात तेलाची बाटली ठेवली. तिच्या आईनं निर्गुडीचा पाला कढवून खास माझ्या गुडघ्यासाठी केलेलं तेल. म्हणाली की बाई, हे लावा, बरं वाटलं की एकदा माझ्याबरोबर आत खेळा. तुम्ही पुढे राहा, मी मागचं बघते.

मी बाटली घेतली. घरी आले, दार लावलं, साडी वर केली आणि ठणठणीत गुडघ्याला ते तेल चोळत बसले. रोज चोळायची, कारण रोज ती विचारायची, बाई, फरक पडला का? आणि मी म्हणायची, पडतोय गं, पडतोय.